रस्ता आणि छप्पर : सिंगापुरातील फेरीवाल्यांच्या अन्नाचे एक प्रवासी वाचन

१

मराठी प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना आपण निवेदकाची भूमिका, स्थळवर्णनाची पद्धती, स्व-संस्कृती आणि पर-संस्कृती यांतील तुलना, विनोदाचे स्वरूप अशा अंगांचा विचार करतो. प्रवाशाच्या ताटाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आणि 'पूर्वरंग' १९६३ साली ग्रंथरूपाने आले. त्यांतील 'पूर्वरंग' हे आग्नेय आशिया आणि जपान येथील प्रवासाचे पुस्तक. त्यानंतरच्या सहा दशकांत या प्रदेशाकडे जाणारा मराठी प्रवासी पुष्कळच बदलला. परदेशप्रवास ही आयुष्यात एकदा घडणारी गोष्ट राहिली नाही. पतिपत्नींनी चार-पाच दिवसांसाठी एखादे आशियाई शहर गाठावे, दिवसा प्रेक्षणीय स्थळे पाहावीत आणि संध्याकाळी तेथील 'रस्त्यावरचे खाणे' चाखावे, असा एक आटोपशीर सुट्टीचा प्रकार रूढ झाला. या प्रकाराला स्वतःची अशी एक वाचनपद्धती आहे. स्मारक म्हणजे शहराचा अधिकृत मजकूर आणि रस्त्यावरचे खाणे म्हणजे त्याचा अस्सल, अनौपचारिक मजकूर, असे ती गृहीत धरते. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची तपासणी एका शहरापुरती करावयाची आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये मी आणि माझे पती असेच पाच दिवस सिंगापुरात होतो. हा प्रवास संशोधनासाठी नव्हता. त्यांच्या निवृत्तीनंतरची ती सुट्टी होती. ते पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेले अभियंता, मी साहित्याची अध्यापक. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी विषमज्वराने गेला. तेव्हापासून त्यांच्या घरात बाहेरचा उघडा पदार्थ आला नाही, आणि लग्नानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून गाडीवरची भेळदेखील कधी खाल्ली नव्हती. सिंगापुरात पहिल्याच संध्याकाळी हे गृहस्थ एका गाळ्यासमोर उभे राहिले, गाळ्याच्या आतील नळ आणि खालची गटाराची जाळी त्यांनी नीट पाहून घेतली, आणि मग शांतपणे दोन माणसांचे खाणे मागवले. मी मात्र जराशी हिरमुसले होते. मला रस्ता हवा होता. समोर होते ते छप्पर, क्रमांक घातलेले गाळे आणि जमिनीत पक्की बसवलेली मेजे. माझी निराशा आणि त्यांचे समाधान या दोहोंमागे एकच ऐतिहासिक घटना आहे, हे पुढच्या चार दिवसांत हळूहळू ध्यानात आले. तिचा शोध म्हणजे हा निबंध.

२

सिंगापुरातील फेरीवाल्यांचा इतिहास हा मूलतः स्थलांतरितांचा इतिहास आहे. १८१९ साली स्टॅम्फर्ड रॅफल्सने येथे ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे उभारले आणि १८२२ च्या नगररचनेत चिनी, चुलिया म्हणजे तमिळ मुसलमान, बुगी, अरब, युरोपीय अशा समूहांसाठी वेगवेगळे भाग आखून दिले. पुढील शतकभरात दक्षिण चीनमधून होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज आणि हैनानी भाषकांचे लोंढे आले. मलाया आणि जावा येथून, तसेच तमिळ देशातून माणसे आली. यांतील बहुसंख्य एकटे पुरुष होते. गोदीत हमाली करावी, रिक्षा ओढावी आणि रात्री एका खोलीत दाटीवाटीने अंग टाकावे, असे त्यांचे जीवन. ज्या खोलीत झोपण्यापुरतीही जागा अपुरी, तेथे चूल कुठली? बाहेरचे अन्न ही त्यांच्यासाठी चैन नव्हती, तीच त्यांची घरची जेवणवेळ होती. आणि ज्याला हमालीही मिळत नव्हती, त्याच्यासाठी खांद्यावर कावड घेऊन अन्न विकणे हा सर्वांत कमी भांडवलाचा धंदा होता. म्हणजे भूक आणि बेकारी या दोन टोकांना जोडणारी ही कावड होती, असे म्हणता येईल.

कावड हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. एका टोकाला निखाऱ्यांची शेगडी आणि दुसऱ्या टोकाला सामानाची पेटी अशी आडव्या दांड्याला टांगलेली जोडी घेऊन साते विकणारा मलाय विक्रेता जुन्या छायाचित्रांत दिसतो. शेवयांसारखे नूडल्स विकणाऱ्याचा मदतनीस गल्ल्यांतून पुढे जाई आणि बांबूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून ग्राहकांना वर्दी देई. त्या आवाजावरूनच पदार्थाला 'टोक टोक मी' हे नाव मिळाले. पदार्थाचे नाव त्याच्या चवीवरून वा घटकांवरून न पडता त्याच्या ध्वनीवरून पडावे, ही वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. हा धंदा पाहण्याआधी ऐकण्याचा होता.

या स्थलांतराच्या कथेत एक धागा आपल्या प्रदेशाचाही आहे आणि तो पर्यटकाच्या नजरेतून सहसा सुटतो. १८२५ साली बेंकुलनहून हिंदी कैद्यांची पहिली तुकडी सिंगापुरात आणली गेली. त्यानंतर बंगाल आणि मद्रास इलाख्यांबरोबर मुंबई इलाख्यातूनही काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी या सामुद्रधुनीच्या वसाहतींत पाठवले जात. १८७३ साली हे कैदी-ठाणे बंद झाले. तोवर रस्ते, कालवे आणि सार्वजनिक इमारती यांचे बरेच काम या कैद्यांनी केले होते. आज पर्यटक ज्याचे छायाचित्र घेतो ते सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांच्याच श्रमातून उभे राहिले आणि १८६२ साली त्याचे समर्पण झाले. चांगल्या वर्तणुकीनंतर परवान्यावर मोकळे झालेल्या कैद्यांपैकी काही गाडीवान झाले, काहींनी गाई पाळून दूध विकले. तेव्हा 'हिंदी माणूस सिंगापुरात पर्यटक म्हणून गेला' हा या संबंधाचा अलीकडचा अध्याय आहे. त्याच्या फार आधी तो तेथे बेडी घालून गेला होता, आणि शिक्षा संपल्यावर रस्त्याच्या कडेला दोन पैसे मिळवत होता.

वसाहती प्रशासनाच्या दृष्टीने मात्र फेरीवाला हा प्रामुख्याने उपद्रव होता. तो रस्ता अडवी, खरकटे पाणी गटारात ओती, आणि ते गटार अखेर सिंगापूर नदीला मिळे. भांडी धुण्यासाठी एक बादली दिवसभर पुरवली जाई. पटकी आणि विषमज्वर यांची भीती काल्पनिक नव्हती. तरीही १९५० साली नेमलेल्या फेरीवाला चौकशी आयोगाने प्रश्नाची दुसरी बाजूही मांडली : फेरीवाले गरिबांना स्वस्त अन्न देतात आणि बेकारांना उपजीविका देतात, तेव्हा त्यांना केवळ हटवण्याजोगा अडथळा मानणे योग्य नाही. 'पूर्वरंग' प्रसिद्ध झाले त्या सुमारास सिंगापूर अद्याप या रस्त्याचे शहर होते. स्वतंत्र राष्ट्र म्हणून ते १९६५ साली उभे राहिले, आणि रस्त्याचे भवितव्य त्यानंतर ठरले.

३

१९६८-६९ मध्ये साऱ्या बेटावरील फेरीवाल्यांची नोंदणी झाली आणि सुमारे १८,००० जणांना तात्पुरते परवाने देण्यात आले. १९७१ पासून शासनाने फेरीवाल्यांसाठी नळ, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि छप्पर असलेली बाजारकेंद्रे बांधावयास घेतली. त्यांनाच तेथे 'हॉकर सेंटर' म्हणतात. १९८६ पर्यंत रस्त्यावरील विक्रेत्यांचे स्थलांतर पूर्ण झाले. याच काळात, १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत, सिंगापूर नदीच्या शुद्धीकरणाची मोहीम पार पडली. नदीकाठची डुकरांची आणि बदकांची खुराडी, होड्यांचे कारखाने, झोपड्या आणि फेरीवाले हे सारे तेथून हलवले गेले. नदीवरील नौकाविहार हा पर्यटक दांपत्याच्या कार्यक्रमातला हमखास भाग असतो. आम्हीही तो केला. काठावरच्या रंगीत इमारतींकडे बोट दाखवून निवेदक व्यापाराच्या वैभवकाळाबद्दल सांगत होता. पाण्याला वास का येत नाही, हे सांगण्याचे त्याला कारण नव्हते. माझ्या पतींनी ते सांगितले. त्यांच्या मते या शहरातील सर्वांत मोठे स्मारक जमिनीखाली आहे.

या घटनेचे मूल्यमापन दोन सोप्या मार्गांनी करता येते, आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला मार्ग विकासकथेचा : घाण होती, स्वच्छता आली. दुसरा मार्ग विलापाचा : जिवंत रस्ता होता, तो शासनाने मारला. पहिल्या कथेत फेरीवाल्याला मोजावी लागलेली किंमत दिसत नाही. फिरता विक्रेता ग्राहकाकडे जातो. स्थिर गाळ्यात बसलेल्याला ग्राहकाची वाट पाहावी लागते. वर्षानुवर्षे बांधलेली गल्ली, ओळखीची घरे, अमक्या वेळी अमक्या खिडकीतून खाली येणारी टोपली, हे सारे एका आदेशासरशी मागे राहते. त्याच्या धंद्याचा आवाजही मागे राहिला. गाळ्यात बसलेल्याला बांबू वाजवण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या कथेत बादलीतले पाणी दिसत नाही, आणि ते पाणी प्यालेली मुलेही दिसत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी मी हा विलापाचा सूर लावला तेव्हा माझे पती एवढेच म्हणाले, "अगं, तुला रस्ता हवा आहे. मला नळ हवा आहे. तुझा रस्ता पुस्तकातला आहे." या वाक्यावर मी त्या वेळी चिडले. नंतर मात्र असे वाटले की, 'अस्सलता' या संकल्पनेवरची इतकी नेमकी टीका साहित्यसमीक्षेच्या भाषेत करावयाची तर मला निदान दोन पाने लागली असती.

आणखी एक बाजू येथे ध्यानात घेतली पाहिजे. शासनाने बांधलेल्या गृहसंकुलांतून माणसे राहू लागली, १९७० च्या दशकात कारखाने वाढले आणि स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या. घराखालीच मिळणारे स्वस्त अन्न ही या कुटुंबांची सोय झाली. एकट्या हमालाची रस्त्यावरची चूल अशा रीतीने नोकरदार दांपत्याचे स्वयंपाकघर बनली. आम्ही राहत होतो तेथून जवळच्या केंद्रात सकाळी सातला कामावर निघालेल्या बायका उभ्या-उभ्या कॉफी घेत होत्या आणि संध्याकाळी त्याच परतताना डबे भरून नेत होत्या. परगावी सुट्टीवर असल्यामुळे मला त्या आठवड्यात स्वयंपाक नव्हता. त्यांना तो एरवीही रोज असतोच असे नाही. 'पर्यटनाचा अनुभव' म्हणून जे मी विकत घेत होते, ते त्यांच्या दैनंदिन वेळापत्रकाचे साधन होते. पर्यटक दांपत्याने या जागेला 'स्ट्रीट फूड' म्हणणे हा म्हणूनच दुहेरी गैरसमज आहे : तेथे रस्ता नाही, आणि जे आहे ते पर्यटकासाठी नाही.

४

हॉकर सेंटर ही वास्तू म्हणून साधी असते, परंतु तुलनाकाराला ती एक बहुभाषिक संहिता म्हणून वाचता येते. कॉफी मागण्याची रीतच पाहावी. नुसते 'कोपी' म्हटले की आटवलेले गोड दूध घातलेली कॉफी मिळते. 'कोपी-ओ' म्हटले की दुधाविना; यातील 'ओ' हा होक्कियन भाषेतील काळा या अर्थाचा शब्द. 'कोपी-ओ-कोसोंग' म्हटले की साखरही नाही. 'कोसोंग' म्हणजे मलायमध्ये रिकामे, शून्य. 'पेंग' जोडले की बर्फ. युरोपीय नामाचे मलाय रूप, त्याला होक्कियन विशेषण, त्यावर पुन्हा मलाय विशेषण, आणि ही सारी रचना तमिळ ग्राहक हैनानी वंशाच्या विक्रेत्यासमोर एका दमात उच्चारतो. हैनानी लोक इतर चिनी समूहांच्या मानाने उशिरा आले. व्यापाराच्या जागा तोवर भरलेल्या होत्या. म्हणून ते युरोपियांच्या घरी आणि जहाजांवर आचारी, नोकर झाले आणि पुढे कॉफीच्या दुकानांत शिरले. कॉफीच्या या व्याकरणात स्थलांतराचा क्रम असा साठून राहिला आहे. पराठ्याचा 'प्राटा' झाला. हिंदी मुसलमान विक्रेत्यांनी चिनी नूडल्सना मसाल्याची आणि टोमॅटोची जोड देऊन 'मी गोरेंग'चे आपले रूप घडवले, आणि त्या पदार्थाचे नाव मात्र होक्कियन व मलाय शब्दांचे राहिले. मिश्रणाला मलायमध्ये 'रोजाक' म्हणतात. तो एका पदार्थाचा शब्द आहे, तसाच सरमिसळ बोलीला लावण्याचाही आहे.

या संदर्भात एका शब्दाचा प्रवास नोंदवण्याजोगा आहे. गर्दीच्या वेळी रिकाम्या मेजावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवून जागा राखण्याची तेथे पद्धत आहे. या कृतीला स्थानिक इंग्रजीत 'चोप' करणे म्हणतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. नवल शब्दाचे आहे. 'चोप' हा वसाहती इंग्रजीतील 'चॉप', म्हणजे शिक्का, या शब्दावरून आल्याचे मानले जाते. आणि त्या 'चॉप'चे मूळ कोशकार हिंदीतील 'छाप' या शब्दात दाखवतात. मलायमध्येही शिक्क्यासाठी 'चाप' हा शब्द आहे. गोदीतील मालावर मालकीची छाप मारणारा शब्द आज जेवणाच्या मेजावर दहा मिनिटांची मालकी सांगतो. माझ्यासमोरच्या मेजावर ते पाकीट होते आणि माझ्या भाषेतला शब्द त्यावर अदृश्यपणे बसला होता. तो परका म्हणून मला शिकावा लागला.

शब्दांचे हे सारे स्थलांतर प्रशासनाच्या इच्छेने झाले नाही. जेथे प्रशासनाने शब्द लादला, तेथे काय घडले हेही पाहण्यासारखे आहे. 'लिटल इंडिया' भागातील जुन्या बाजाराला लोक 'टेक्का' म्हणत. ते होक्कियन नाव बांबूच्या बनाच्या पायथ्याशी असलेल्या जागेवरून पडले होते. १९८२ साली नवी इमारत झाली तेव्हा त्याच चिनी अक्षरांचा मँडरिन उच्चार घेऊन तिचे नाव 'झूज्याव' ठेवण्यात आले. त्या बाजारात मलाय आणि तमिळ ग्राहक होते, होक्कियन भाषक होते. मँडरिन उच्चार त्यांपैकी कोणाच्याच तोंडी बसला नाही. २००० साली इमारतीला 'टेक्का सेंटर' हे नाव परत मिळाले. छप्पर बदलता आले, नाव बदलता आले नाही. स्थलांतर केव्हा पचते आणि केव्हा पचत नाही, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

एका गोष्टीबाबत मात्र या मेजांकडे पाहताना अतिउत्साह टाळला पाहिजे. हॉकर सेंटरमध्ये सारे समाज एकत्र जेवतात, हे विधान खरे आहे. ते अर्धे खरे आहे. मेज एक असते, पण हलाल आणि इतर अन्नाचे ट्रे परत ठेवण्याच्या जागा वेगळ्या असतात. माझे पती शाकाहारी. त्यांच्या शेजारी बदक खाणारे वृद्ध गृहस्थ बसले होते आणि पलीकडे हलाल गाळ्यावरचे जेवण घेऊन आलेली एक मुलगी. कोणीही कोणाच्या ताटाकडे पाहत नव्हते. हे सहभोजन नव्हे, असे मला वाटते. आपल्याकडे 'पंक्ती' या शब्दाला जो सामाजिक इतिहास आहे, त्यात एकत्र बसणे म्हणजे एकच अन्न वाढले जाणे असे गृहीत असते. म्हणूनच पंक्तिभेद बोचतो आणि सहभोजन ही क्रांती ठरते. येथे एकच अन्न कोणालाही वाढलेले नसते. भेद पुसलेला नाही. त्याला फक्त शेजारी बसण्याची जागा दिलेली आहे. हे कमी आहे की पुरेसे आहे, याचे उत्तर प्रत्येक समाजाच्या जखमांवर अवलंबून राहील.

५

आता ज्या रस्त्यामुळे या निबंधाचा मुद्दा स्पष्ट झाला, त्याकडे वळतो. चायनाटाउनमधील स्मिथ स्ट्रीट हा कँटोनीज वस्तीचा रस्ता. १८८७ साली येथे लाय चुन युएन हे कँटोनीज संगीत-नाटकांचे नाट्यगृह उभे राहिले आणि लोक या रस्त्याला 'नाटकगृहाचा रस्ता' म्हणू लागले. नाटकाला प्रेक्षक आले, प्रेक्षकांबरोबर फेरीवाले आले. पुढे नाटक गेले, फेरीवाले राहिले. १९८३ साली या आणि शेजारच्या गल्ल्यांतील फेरीवाल्यांना लगतच बांधलेल्या मोठ्या संकुलात हलवण्यात आले. आज 'चायनाटाउन कॉम्प्लेक्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोनशेहून अधिक खाद्य-गाळे आहेत आणि ते सिंगापुरातील सर्वांत मोठे हॉकर सेंटर मानले जाते. २०१६ साली मिशलिन मार्गदर्शिकेने सिंगापुरातील ज्या दोन फेरीवाल्या गाळ्यांना प्रथमच एकेक तारा दिला, त्यांपैकी एक याच मजल्यावरचा होता.

रस्ता अशा रीतीने रिकामा झाला. आणि मग, १९८३ नंतर अठरा वर्षांनी, २००१ साली, पर्यटकांना 'जुन्या चायनाटाउनमधील रस्त्यावरचे खाणे' अनुभवता यावे म्हणून त्याच स्मिथ स्ट्रीटवर गाड्या मांडून 'चायनाटाउन फूड स्ट्रीट' सुरू करण्यात आली. २०१४ साली तिचे नूतनीकरण झाले आणि तिच्यावर काचेचे उंच छत घालण्यात आले. २०२० साली साथ आली, पर्यटक नाहीसे झाले आणि २०२१ च्या ऑक्टोबरअखेर ही 'फूड स्ट्रीट' बंद झाली. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यावर छत होते, खाली ती खाद्यजत्रा नव्हती. पन्नास पावलांवर, जिना चढून वर गेल्यास, चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये बसायला जागा नव्हती.

या दोन जागांची तुलना भाषांतराच्या परिभाषेत केल्यास त्यांच्या भिन्न नियतीचा उलगडा होतो. संकुलाचा वरचा मजला हे रस्त्याचे भाषांतर आहे. त्यात मूळ संहितेचा बाह्याकार गेला : चाक गेले, कावड गेली, आरोळी गेली, पावसाची अनिश्चितता गेली. पण विक्रेता, पाककृती, किंमत आणि शेजारचा ग्राहक हे टिकले. म्हणजे अन्न ज्या गरजेला उत्तर देत होते ती गरज टिकली. खालची 'फूड स्ट्रीट' हे भाषांतर नव्हते. ती मुळाची प्रतिकृती होती. तिच्यात बाह्याकार सारा परत आला होता, गरज तेवढी आली नव्हती. तिचा वाचक केवळ प्रवासी होता. तो यायचा थांबला आणि संहिता मिटली. मी ज्या 'रस्त्या'च्या शोधात होते तो खालचा होता, हे कबूल करणे प्राप्त आहे. आमच्या शाखेत मुळाशी निष्ठा हा दीर्घकाळ चर्चिलेला प्रश्न आहे; येथे तो दगड-विटांत मांडलेला दिसला. मुळासारखे दिसणे आणि मुळाचे कार्य करणे यांत निवड करावी लागली, तर कोणती निष्ठा श्रेष्ठ?

अपवाद म्हणून एका जागेचा उल्लेख करावयास हवा. 'लाउ पा सात' हा तेलोक आयरचा जुना अष्टकोनी बाजार. जेम्स मॅकरिची या नगर-अभियंत्याने आखलेली त्याची आजची वास्तू १८९४ ची असून तिचे बिडाचे खांब ग्लासगोहून ओतवून आणलेले आहेत. शेजारचा बून टाट स्ट्रीट संध्याकाळी वाहनांना बंद होतो, मेजे बाहेर येतात आणि कोळशावर साते भाजली जातात. समुद्रकिनाऱ्यावरचा जुना 'साते क्लब' १९९५ साली बंद झाला. त्याची आठवण येथे धुमसत असते. रस्ता रोज काही तासांपुरता परत मिळतो आणि पुन्हा वाहनांना दिला जातो. माझ्या पतींनी तेथेही आधी हात धुण्याची जागा शोधली. मग आम्ही दोघे रस्त्याच्या बरोबर मधोमध बसलो. त्यांच्यासाठी मक्याचे कणीस होते, माझ्यासाठी साते. तीस वर्षांत प्रथमच आम्ही रस्त्यावर बसून एकत्र जेवत होतो.

६

डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापुरातील हॉकर संस्कृतीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. वारसा म्हणून मान्यता मिळणे ही अनेकदा एखादी गोष्ट संकटात असल्याची खूण असते. बेटावर शंभराहून अधिक हॉकर सेंटरे आहेत, परंतु गाळा चालवणाऱ्यांचे वय साठीच्या आसपास पोचले आहे. पहाटे चारला उठून हाडांचा रस्सा चढवण्याचे आणि रात्री गाळा धुऊन काढण्याचे काम त्यांची शिकलेली मुले सहसा स्वीकारत नाहीत. ज्या शिक्षणासाठी आईबापांनी हा धंदा केला, त्या शिक्षणानेच मुलांना धंद्यापासून दूर नेले. जेवण स्वस्त ठेवायचे तर विक्रेत्याचे श्रमही स्वस्त राहतात, हा पेच नळ आणि छप्पर देऊन सुटलेला नाही. ग्राहक म्हणून ज्या अल्प किमतीचे मी चार दिवस कौतुक करत होते, ती कोणाच्या तरी गुडघेदुखीतून वळती झालेली होती.

भारतीय वाचकाला येथे आपल्या परिस्थितीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आपण २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने वेगळा मार्ग निवडला. विक्रेत्याला रस्त्यावरून उचलण्याऐवजी रस्त्यावरील त्याच्या उपजीविकेला कायद्याचे संरक्षण देण्याचा हा मार्ग आहे. नगर पथविक्रेता समित्या, सर्वेक्षण, प्रमाणपत्रे ही त्याची अंगे. तत्त्वतः तो अधिक लोकशाहीनिष्ठ आहे, कारण त्यात रस्त्यावरील हक्क मान्य केलेला आहे. पण हक्क दिला आणि नळ दिला नाही, तर विक्रेत्याच्या हाती प्रमाणपत्र येते आणि बादली तीच राहते. सिंगापूरने नळ दिला आणि रस्ता घेतला. या दोन अपूर्ण वाक्यांना एकत्र वाचणे हे तुलनेचे खरे काम आहे. एकाला आदर्श मानून दुसऱ्याला कमी लेखणे नव्हे.

प्रवासी दांपत्य शहराचे वाचन करते तेव्हा एका संहितेला दोन वाचक मिळतात, ही या प्रवासप्रकाराची एक दुर्लक्षित शक्यता आहे. एकटा प्रवासी स्वतःच्या वाचनाला सहज अंतिम मानू शकतो. शेजारी बसलेल्या माणसाला त्याच मेजावर निराळे काही दिसत असेल, तर ते शक्य होत नाही. माझ्या वाचनात हरवलेला आवाज होता. माझ्या पतींच्या वाचनात न गेलेला एक भाऊ होता. शेवटच्या दिवशी विमानतळाकडे निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्याच पहिल्या केंद्रात गेलो. त्यांनी न विचारता मेजावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवले आणि दोन कोपी आणावयास गेले. परत येईपर्यंत जागा आमची होती.